वाकडं पाणी

आमच्या खालच्या खोलीत दाराशेजारच्या भिंतीवर एक फळी ठोकलेली आहे आणि फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली प्लास्टिकची नळी. नळीत जिलेबीचा रंग घातलेलं पाणी. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी मी त्या पाण्यापुढे जाऊन उभा राहतो. एका बाजूचं पाणी वर आणि दुसऱ्या बाजूचं दोन बोटं खाली असेल तर सगळं ठीक आहे. दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीत आलं, तर वर स्लॅबवरचा पंखा बंद पडलाय असं समजायचं. हे लोकांना उलटं वाटतं. नळीतलं पाणी लेव्हलात असावं हे शेंबड्या पोरालाही कळतं, त्यामुळे घरात आलेला प्रत्येक पाहुणा मला सांगून जातो की पाणी वाकडं आहे. आधी मी समजावून सांगायचो. आता नुसतं "असू द्या" म्हणतो आणि त्याच्या पुढ्यातला चहाचा कप उचलायला लागतो.

माझं सगळं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात गेलं. इंजिनं खोलली, जोडली, साहेबांशी भांडलो, रिटायर झालो. यंत्राची मला भीती नाही. पण हा पंखा मला कधीच आवडला नाही. तो ना वारा देतो, ना पाणी चढवतो, ना पीठ दळतो. घराखालची हवा ओढतो आणि छपरावर सोडतो. त्याचं काम झालं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. अशा यंत्राची चाकरी करायची म्हणजे न दिसणाऱ्या सासूची धुणी धुण्यासारखं आहे.

तो बसवला माझ्या बायकोसाठी. तिला तरुणपणी क्षय झाला होता. तो बरा झाला, पण जाताना डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग निकामी करून गेला. त्यात गेल्या काही वर्षांत गुडघे गेले, जिना चढणं बंद झालं, आणि तिचा सगळा मुक्काम खालच्या खोलीत आला. ही खोली चढ उकरून बांधलेली आहे. मागची भिंत अर्धी जमिनीत आहे आणि खिडकी एकच. डॉक्टर म्हणाले, खिडकी उघडी ठेवा, हवा खेळती ठेवा. डॉक्टर शहरात राहतात. आमच्या पिंपरी पेंढारला खिडकीपासून वीस पावलांवर ऊस सुरू होतो आणि उसात बिबट्या असतो. दिवस मावळायच्या आत सगळं गाव दारं-खिडक्या लावून घेतं. शेजारच्या आळीतलं वासरू ओट्यावरून गेलं तेव्हापासून मी त्या खिडकीला पत्राच ठोकला. म्हणजे बायकोला बिबट्यापासून वाचवलं आणि डब्यात कोंडलं.

मुलगी अमेरिकेत असते. तिनं तिकडे घर घेतलं तेव्हा तपासणीत निघालं की घराखालून रेडॉन नावाचा वायू येतो. जमिनीतून झिरपतो, बंद खोलीत साठतो, वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर करू शकतो. तिकडे त्यावर पाईप आणि पंखा बसवतात म्हणे, आपण गिझर बसवतो तसा. तिला लगेच आईची खोली आठवली. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तिनं एक पांढरा मीटर पाठवला, साबणाच्या डबीएवढा. आकडा शंभराच्या आत हवा, तीनशेच्या वर गेला तर काहीतरी केलंच पाहिजे, असं तिनं सांगितलं होतं. महिनाभरानं आमचा आकडा होता तीनशे सत्तर.

मी म्हणालो मीटर खोटा आहे. ओतूरच्या कॉलेजातल्या एका मास्तरांना विचारलं, तेही म्हणाले, आपल्याकडच्या काळ्या दगडात हा वायू फारसा नसतो. मला बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "घराखाली काही पोकळी आहे का?" आणि मी विषय बदलला. का बदलला ते पुढे येईलच.

गावात हे बाहेर फुटायला एक दिवस पुरला. ओतूरला हार्डवेअरच्या दुकानात मी चार इंची पाईप मागितला. दुकानदार जैन आहेत, राजस्थानातून येऊन त्यांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या, मराठी माझ्यापेक्षा साफ बोलतात. त्यांनी विचारलं, संडासाचं काम काढलं का. मी म्हणालो, नाही, रेडॉनसाठी. मागे आमच्याच गावचा एक जण खिळे मोजून घेत उभा होता. त्यानं ऐकलं रेडा. जवळच आळ्याला ज्ञानेश्वरांपुढे वेद बोललेल्या रेड्याची समाधी आहे, त्यामुळे आमच्याकडे रेडा म्हटलं की माणूस आधी हात जोडतो आणि मग हसतो. मी गावात पोचायच्या आत बातमी पोचली होती. "यांच्या जमिनीखाली रेडा निघालाय." पारावर एकानं मला थांबवून विचारलं, "काय राव, बोलतोय का काय तो? का नुसताच फुसफुसतोय?" मी त्याला सांगितलं, यम बसतो त्या रेड्याचा हा भाऊ आहे, तुमच्याकडे धाडू का. तो हसला नाही. मला त्याचंच समाधान वाटलं.

आता भिंतीपलीकडचं सांगायला हवं. हे घर माझ्या थोरल्या भावानं बांधलं. तो गवंडी. आळेफाट्यापासून आण्यापर्यंत त्याच्या हातची घरं आहेत, आणि एकाही घराची भिंत ओळंब्याबाहेर नाही, असं लोक म्हणतात. मला ते ऐकवत नाही, पण म्हणतात. बारा वर्षांपूर्वी आमच्या वाटण्या झाल्या. घराच्या मधून भिंत घालायची ठरली आणि ती त्यानंच घातली. गिलावा ओला असतानाच मी पंचांसमोर टेप लावला. भिंत माझ्या बाजूला चार बोटं सरकली होती. मी चारचौघांत म्हणालो, "सख्ख्या भावाच्या घरात चार बोटं खाल्ली, बाहेर किती खात असेल?" त्यानं थापी धुतली, घमेलं उचललं आणि आपल्या दारानं आत गेला. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे. अंगण एक, नळ एक, आणि दोघांचं वाकडं. बायका आपसात बोलतात, डाळ-मीठ देतात-घेतात. आम्ही दोघं एकमेकांसमोरून बैलासारखी मान खाली घालून जातो.

त्या वाटणीत त्याची लेव्हलची नळी आमच्या माळ्यावर राहून गेली. गवंडी त्या नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवतात, ती. वहिनीनं एकदा विचारलं होतं, "तुमच्याकडं ऱ्हायलीय का?" मी म्हणालो, नाही. खरं तर ती माझ्या डोक्यावर दोन हातांवर लोंबत होती. पंख्याचं काम निघालं तेव्हा मी तीच काढली, हातभर तुकडा कापला, पाणी भरून फळीवर ठोकला आणि त्याचं एक टोक पंख्याच्या पाईपात घातलं; पंखा हवा ओढतो तोवर त्या बाजूचं पाणी वर चढलेलं राहतं. बाजारात नवी मिळत होती. मला हीच लावायची होती.

आणि पेव. आमचे वडील जमिनीखालच्या पेवात ज्वारी साठवायचे. वर तोंड अरुंद, आत पोट मोठं. उघडलं की वडील आधी दोरीनं पेटता कंदील आत सोडत. ज्योत विझली तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. आम्ही दोघं भाऊ काठावर पालथे पडून ज्योतीकडे बघत बसायचो. पुढे ज्वारीच संपली, पेवावर शिळा टाकली, वर फरशी आली. वाटणीत पेव त्याच्या बाजूला गेलं. त्या शिळेवरच त्याची खोली आहे आणि त्या खोलीत तो आणि वहिनी झोपतात.

जावई इंजिनियर. त्यानं व्हिडिओ कॉलवर सगळं काम समजावलं. फरशीला भोक पाडायचं, खाली हातभर खड्डा करून पाईप सोडायचा, तो भिंतीला धरून वर स्लॅबच्याही वर न्यायचा आणि तिथे पंखा बसवायचा. मी फोन खोलीभर फिरवून दाखवत होतो. भिंतीशी आल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, पलीकडे जमिनीखाली काय आहे?" मी पेवाचं सांगितलं. तो एकदम सरसावून बसला. म्हणाला, "मग सगळ्यात जास्त तिथंच साठत असणार. त्या बाजूला कोण राहतं?"

मी म्हणालो, "कोणी राहत नाही."

बायको खाटेवर पडून ऐकत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मी तिला बोलायला वाव दिला नाही.

भोक पाडायला मशीन लावलं तेव्हा पलीकडून थोरल्याचा आवाज आला. तो माझ्याशी बोलत नव्हता, वहिनीला सांगत होता, पण मला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं. "फरशी फोडतोय. अखंड फरशी बशीवली व्हती मी, एक सांदा न्हाय त्या कोपऱ्यात. फोड म्हनावं, फोड." मी मशीन मुद्दाम थोडा वेळ जास्त चालवलं.

पंखा सुरू झाला आणि माझी नोकरी पुन्हा सुरू झाली. दोन वर्षं मी ती इमानदारीत केली, शिव्या देत. उन्हानं पंख्याजवळचा रबराचा जोड तडकायचा, त्यातून हवा सुटायची, पाण्यातला फरक दोन बोटांवरून एका बोटावर यायचा. पाईपच्या तोंडावर जाळी लावली तर गांधीलमाश्यांनी जाळीवरच घर केलं. माकडांनी वरची टोपी दोनदा उपटून नेली. लाईट गेली की पंखा इन्व्हर्टरवर घालायचा, आणि मग टीव्ही बंद म्हणून बायको रुसायची. नळीतलं पाणी उन्हाळ्यात आटायचं, ते थेंबथेंब भरायचं. सगळ्यात मोठा ताप म्हणजे एकट्यानं सगळं करायचं. वर जाऊन स्क्रू आवळायचा, खाली येऊन पाणी बघायचं, परत वर. माझे गुडघेही काही सोन्याचे नाहीत. बायको खाटेवरून पाण्याचं सांगू शकली असती, पण वरपर्यंत पोचेल एवढा आवाज तिच्या छातीत नाही.

एवढं करून आकडा दोनशेच्या खाली यायला तयार नव्हता. जावई म्हणायचा, फरशीचे सांधे आणि भिंतीच्या कडेची फट बुजवा, नाहीतर पंखा खोलीतलीच हवा ओढत राहील. मी ट्यूबमधून निघणारा तो चिकट पदार्थ सगळीकडे फासला. महिन्यात त्याच्या साली निघाल्या. बायको म्हणाली, "हे गवंड्याचं काम आहे." मी विचारलं, "ओतूरचा बोलावू का?" ती म्हणाली, "गवंडी अंगणात असताना ओतूरला कशाला जायचं?" मी जेवणावरून उठलो.

गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. पुण्याला चार दिवस राहावं लागलं. जाताना बायकोला पन्नासदा बजावलं, रोज पाणी बघ, सारखं झालं की फोन कर. तिनं रोज फोनवर सांगितलं, "सगळं नीट आहे." पाचव्या दिवशी दुपारी मी एसटीतून उतरलो. डोळ्याला काळा चष्मा, हातात थेंबांच्या बाटल्यांची पिशवी. चपला काढायच्या आधी खोलीत गेलो आणि नळीपुढे उभा राहिलो.

दोन्ही बाजूंचं पाणी एका रेषेत होतं.

फळीसुद्धा सरळ केलेली होती. पहिल्यांदा डोळ्यांवर विश्वास बसला नाही, नवीन डोळा आहे म्हटलं. मग पाईपकडे बघितलं. नळीचं टोक पाईपात जायचं तिथलं भोक पांढऱ्या सिमेंटनं बुजवलेलं होतं, बोटानं चाचपलं तरी लागणार नाही इतकं सफाईनं. असा हात आमच्या पंचक्रोशीत एकाच माणसाचा आहे. खाली पंख्याचा आवाज येतच नाही, नळी लावली ती त्याचसाठी. मला एवढंच दिसलं की मी नसताना तो घरात शिरला, माझी नळी तोडली आणि पंखा बंद केला. माझी बायको चार दिवस त्या खोलीत तो वायू ओढत पडली होती.

बायको खाटेवरून "अहो, ऐका" म्हणाली. मी ऐकलं नाही. मी अंगणात गेलो.

थोरला नळावर थापी धूत बसला होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्याशी तोंडानं बोललो. म्हणालो, "भिंतीत चार बोटं खाल्लीस, पोट भरलं न्हाय. आता माझ्या बायकोचा श्वास खायला आत शिरलास. ती मेली तर तिच्या खोलीतबी भिंत घालशील." आणखीही बोललो. त्याला पोरबाळ नाही, त्यावरूनही बोललो. ते इथे लिहीत नाही, कारण वहिनी दारात उभी होती आणि तिनं ते ऐकलं. माझ्यामागे दाराला धरून बायको उभी होती. मला थांबवायला ती खाटेवरून उठून चालत आली होती आणि तिला दम लागला होता. तिच्या श्वासासाठी मी भांडत होतो आणि ती माझ्या मागे श्वासासाठी झगडत होती. मी वळून बघितलंही नाही.

थोरल्यानं थापी पुसली. म्हणाला, "वर जाऊन बघ."

डॉक्टरांनी चढायला, वाकायला मनाई केली होती. मी चढलो. स्लॅबवर पंखा चालू होता. पाईपच्या तोंडावर हात धरला तर हवा तळहाताला ढकलत होती. मी तिथे उन्हात बराच वेळ हात धरून उभा राहिलो, कारण खाली जायचं धाडस होईना.

खाली आलो तेव्हा वहिनी बायकोला खाटेवर बसवून पाणी पाजत होती. मला बघून ती उठून गेली. बायकोनं दम खात खात सांगितलं. मी पुण्याला गेलो त्याच दिवशी तिनं त्याला बोलावलं. तो उंबऱ्याबाहेर थांबून म्हणाला होता, "तो नसताना मी आत येनार न्हाय." तिनं सांगितलं, "ते असताना तर तुम्ही येणारच नाही, भावजी, मग मी कधी बरी व्हायची?" तेव्हा तो आत आला. तीन दिवस त्यानं जमिनीवर उकिडवं बसून फरशीचा सांधा न् सांधा खरवडून भरला. भिंतीच्या कडेला बोटभर फट होती, ती बुजवली. मी फोडलेल्या भोकाभोवती गोल कडा करून दिली. शेवटी उठताना त्याला भिंतीवरची नळी दिसली. त्यानं ती ओळखली. म्हणाला, "ही माझी." आणि मग म्हणाला, "माझ्या नळीत पाणी वाकडं? लोक बघून काय म्हन्तील, घर लेव्हलात न्हाय म्हन्तील." बायकोनं सांगेपर्यंत त्यानं टोक उपसून पाणी जुळवलंसुद्धा होतं. पाईपला उगाच भोक राहिलंय म्हणून तेही बुजवलं. तिला वाटलं, पंखा तर चालू आहे, नळीचं काय ते मी पुण्याहून परत आल्यावर करीन नीट. म्हणून रोज फोनवर सगळं नीट.

"आणि मीटर?" मी विचारलं. मीटर नेहमीच्या कोनाड्यात नव्हता.

"तिकडं दिलाय."

"तिकडं म्हणजे कुठं?"

"जिथं कोणी राहत नाही तिथं," ती म्हणाली.

संध्याकाळी थोरल्यानं मीटर आणून आमच्या ओट्याच्या कडेला ठेवला. आत आला नाही. आकडा होता सहाशे चाळीस. मी तो आकडा बघत राहिलो. थोरला गेली काही वर्षं खोकतो. सिमेंट खाऊन खोकतो, असं मी म्हणायचो, आणि ते खरंही असेल. मला एवढंच ठाऊक होतं की दोन वर्षांपूर्वी मी एक वाक्य बोललो होतो आणि त्या वाक्याच्या वर तो रोज अंथरूण टाकत होता.

तो म्हणाला, "आकडा मोठा हाय म्हन्त्यात. मला काय त्यातलं कळत न्हाय." जायला वळला आणि पाठमोराच म्हणाला, "फोनवर लई मोठ्यांदा बोलतोस तू. भित्तीला कान असत्यात. मीच बांदलीय, मला म्हाईत हाय."

म्हणजे त्यानं ते तेव्हाच ऐकलं होतं. ऐकूनही बोलावल्यावर तो आला होता, आणि माझ्या बायकोसाठी तीन दिवस जमिनीवर बसला होता. मला माफी मागता येत नाही. वर्कशॉपात साहेबांची मागितली नाही, वडिलांची मागितली नाही. त्या संध्याकाळीही मागितली नाही. लाज वाटत होती आणि त्या लाजेचाही राग येत होता.

दुसऱ्या दिवशी ओतूरला जाऊन मी पाईप, एल्बो आणि एक टी-जोड आणला. जावयाला फोन केला, अंगणात उभा राहून, पुरेशा मोठ्यानं. म्हणालो, "पलीकडे माझा भाऊ आणि वहिनी राहतात. मी खोटं बोललो होतो." तो कामाचं सांगायला लागला. भिंतीच्या पायथ्यातून आडवा पाईप पेवात घालायचा आणि आपल्या पाईपला जोडायचा, एकच पंखा दोन्ही घरांना पुरेल. मी सामान थोरल्याच्या दारात नेऊन ठेवलं. तो आतूनच म्हणाला, "तुझा रेडा तुझ्या दावनीला ठेव." सामान तसंच आठ दिवस पडून होतं. मग वहिनीनं त्याला जेवताना काय सांगितलं कुणास ठाऊक. मी तिच्याबद्दल जे बोललो होतो त्यानंतर तिनं माझ्यासाठी काही बोलावं असं मला वाटत नाही. ती बहुतेक माझ्या बायकोसाठी बोलली असावी.

नवव्या दिवशी तो छिन्नी-हातोडा घेऊन आमच्या खोलीत आला. मी मशीन उचललं तर म्हणाला, "माझ्या भित्तीला तू हात लावायचा न्हाय." त्यानं हातानं, छिन्नीचे घाव घालत, भोक पाडलं. मी बॅटरी धरली. भोक आरपार गेलं तेव्हा आत पेवाच्या तोंडाचा दगड दिसला, गोल, वडिलांच्या वेळचा. भिंतीचा पाया त्या दगडाला चुकवून गेला होता. बरोबर चार बोटं.

मी विचारलं, "पेवाच्या काठावर भिंत आली असती म्हनून सरकवलीस?"

"काठावर वजन दिलं असतं तर आज दोन्ही घरं आत बसली असती."

"मग सांगितलं का न्हाईस तवा?"

"इचारलंस कुठं? टेप लावलास," तो म्हणाला आणि भोकातला भुगा फुंकून काढला.

आता आमच्याकडचा आकडा नव्वदच्या आसपास असतो. त्याच्याकडे दीडशेवर आलाय, अजून उतरतोय. बायकोचा श्वास सुधारला असं मी म्हणणार नाही. बिघडला नाही, एवढं डॉक्टर म्हणतात. थोरला खोकतोच. त्याची नळी मी उरलेल्या वेटोळ्यासकट परत दिली, आणि त्यानं तोच कापलेला तुकडा आपल्या बाजूच्या पाईपला लावून घेतला. माझ्याकडे आता बाजारातली नवीन आहे. त्यानं त्याच्या फळीवर पेन्सिलीनं दोन रेघा मारल्यात, पाणी कुठून कुठवर वाकडं पाहिजे त्याच्या. लेव्हल नसलेल्या पाण्याचीही त्यानं लेव्हल काढली.

आमचं काही मिटलेलं नाही. मी अंगणात बोललो ते वहिनी विसरलेली नाही. माझ्या पानात ती आजही वाढत नाही. थोरला आणि मी अजून मान खाली घालूनच जातो. पारावर लोक विचारतात, भावाभावांचं जमलं का. मी सांगतो, नाही, वाकडंच आहे. मात्र रोज सकाळी मी माझं पाणी बघून झालं की भिंतीवर दोनदा टकटक करतो. पलीकडून आवाज येतो, "हाय वाकडं." तेवढंच.

मागच्या आठवड्यात मात्र सकाळी टकटक त्याच्याकडून आली, मी उठायच्याही आधी. "सरळ झालं रं," तो म्हणाला. आवाज घाबरलेला होता. माझ्याकडचंही पाणी एका रेषेत होतं. बायको खाटेवर उठून बसली आणि तिनं खिडकीच्या पत्र्याकडे बघितलं. मी पान्हा घेऊन वर पळालो. पंखा अडकला होता. जाळी फाटली होती आणि आत सरड्याचं पिल्लू मरून पडलं होतं. ते काढलं, जाळी दुमडून बसवली, पंखा सुरू केला. सवयीनं खाली पाणी बघायला निघालो तर जिन्याच्या पहिल्याच पायरीवर खालून, भावाच्या घरातून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा आवाज आला.

"झालं वाकडं. उतरू नको, जाळी नीट आवळ आदी."

मी परत वर गेलो आणि जाळी आवळली.